मालक कोण आणि ड्रायव्हर कोण

परवा एका ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये मला ड्रायव्हर समजले. त्याचं काही नाही, ड्रायव्हर म्हणजे काही वाईट काम नाही, आणि तसं बघितलं तर आमच्या अडीच एकर द्राक्षबागेत मालक, ड्रायव्हर, गडी आणि रात्रीचा राखणदार सगळं मीच, पण चहा? चहा तरी द्यायचा की नाही माणसाला?

झालं असं की जुना मिनी ट्रॅक्टर आता बदलायचाच असं ठरलं. तो एक सिलेंडरचा, 15 एचपीचा, वडिलांनी घेतलेला. सपाटीला ठीक चालतो पण औषध फवारायच्या ब्लोअरची टाकी भरून चढाला लागला की दम्याच्या पेशंटसारखा धापा टाकतो, आणि हादरे एवढे देतो की तोंडातली सुपारी चावायला लागत नाही, आपोआप फुटते. तर निघालो शोरूमला. बरोबर मेव्हणा. तो पुण्याला कंपनीत आहे, सुट्टीला आला होता, घरात बसून कंटाळला म्हणून "दाजी मी पण येतो" म्हणाला. पांढरे बूट, गॉगल, इस्त्रीचा शर्ट. मी सकाळी उन्हाळ्यातल्या खरड छाटणीच्या काड्या ओढून तसाच गाडीवर बसलेलो. इथंच चुकलं.

कंपनीचं नाव सांगत नाही, रंग पण सांगत नाही, कारण आमच्याकडं रंग सांगितला की कंपनी कळते. आत गेल्या गेल्या सेल्समन पोरगा थेट मेव्हण्याकडं. "या सर, बसा सर, एसी वाढवू का सर." मेव्हण्यानं गॉगल काढून ट्रॅक्टरमागं जोडायच्या एका रोटाव्हेटरला हात लावला आणि विचारलं, "याचं मायलेज किती आहे?" रोटाव्हेटरचं. मायलेज. तरी सेल्समन हसला नाही, उलट म्हणाला "चांगला प्रश्न आहे सर." मी मधे घुसून 24 एचपी, फोर बाय फोर, ब्लोअरसाठी, 9 फुटी सरी, सगळं सांगितलं. त्यानं ते ऐकलं माझ्याकडून आणि उत्तर दिलं मेव्हण्याला. आणि मग ते वाक्य.

"सर, तुम्ही कशाला त्रास घेताय, ड्रायव्हरला बसवून बघा ना."

मेव्हणा सांगू शकला असता. एक वाक्य होतं. पण ते बेणं माझ्याकडं बघून म्हणालं, "हां, बस जरा."

बसलो. आता माझी उंची 6 फूट 1 इंच आणि वजन 96 किलो, ते पण लग्नाच्या आधी 70 होतं पण तो वेगळा विषय आहे. मिनी ट्रॅक्टर बनवणारे इंजिनिअर सगळे बुटके असतात का काय मला माहीत नाही, पण उजवा पाय ब्रेकवर ठेवला की गुडघा स्टेअरिंगला लागतो, डावा पाय क्लचवर ठेवला तर मधल्या गिअरच्या दांड्यात, आणि दोन्ही ठेवले तर आपण बाळंतिणीसारखे बसलेलो दिसतो. तसाच जोर करून मागं सरकलो आणि गुडघा स्टेअरिंगच्या खाली जो अडकला तो अडकला.

"पावणं, उतरता येत नसंल तर ऱ्हाऊ द्या तसंच. चालवतच घिऊन जावा घरला."

हे आण्णा. पटका, पांढरा सदरा, काखेत पिशवी, पिशवीत ऑइल फिल्टर. फिल्टर त्यांना सकाळी साडेनवालाच मिळाला होता म्हणे, पण शोरूममध्ये गार होतं आणि चहा होता, त्यामुळं ते दुपारी बारापर्यंत थांबले होते. त्यांच्यासमोर दोन रिकामे कप. तिसरा हातात. मी ते कप मोजले, कारण माझ्यापुढं एकही नव्हता.

"कुठलं गाव म्हणायचं?"

"सावळजच्या अलीकडं," मी वरूनच.

"तासगाव तालुका. मंजी द्राक्षं. काय बघताय मग?"

मी म्हटलं 24 एचपी, तीन सिलेंडर, ऑइल ब्रेक, लिफ्ट 750 किलो.

"ते न्हवं. मिस्त्री बघितला का?"

"मिस्त्री?"

"आवो ट्रॅक्टर काय, कंचा बी घ्या, लोखंडच की. मिस्त्री बघायचा. आमच्या टायमाला पोरगी बघाया गेलं की आधी सासू बघत हुते, पोरगी नंतर." आणि मग सेल्समनला, "ए बाळ, मिस्त्री किती तुझ्याकडं?"

"तीन टेक्निशियन आहेत आण्णा, सगळे कंपनी ट्रेन्ड."

"ट्रेन्ड ऱ्हाऊ दे. त्यातली लग्न झाल्याली किती?"

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या पोरानं हातातलं ब्रोशर उघडून बघितलं. खरंच बघितलं. मग भानावर येऊन म्हणाला, "दोघांची झालीत. एकाचं मे महिन्यात आहे."

"सपलं," आण्णांनी कप खाली ठेवला. "उतरा पावणं."

"उतरतोय की. गुडघा सुटू दे."

मग माझा गुडघा सुटेपर्यंत, म्हणजे चांगली दहा मिनिटं, आण्णांनी मला मिस्त्रीशास्त्र शिकवलं. बिनलग्नाचा मिस्त्री सगळ्यात चांगला, रात्री अकराला फोन केला तरी येतो, फक्त मटण करायला लागतं. नवीन लग्न झालेला कधीच घ्यायचा नाही, त्याचा फोन रात्री साडेआठलाच रेंजच्या बाहेर जातो. तान्हं पोर असलेला येतो, पण त्याचा डोळा लागलेला असतो, बोल्ट एकीकडं आणि पाना दुसरीकडं. "आन पोरं शाळंला जायाला लागली की मिस्त्री परत चांगला हुतो. घरातनं पळायला कारणच बघत असतोय गडी."

"आमच्या मोठ्या मिस्त्रींचा पोरगा दहावीला आहे," सेल्समन एकदम उत्साहानं. विक्रीचा मुद्दा सापडला ना त्याला.

"मग त्यो यील."

"पण ते आता बाहेर जात नाहीत आण्णा. कंबर गेलीय."

"कशानं?"

"ट्रॅक्टरनं."

कुणीच काही बोललं नाही. मेव्हणा तेवढा मोबाईलवर काहीतरी करत होता, काय करत होता ते मला रात्री कळलं, माझा गुडघा अडकलेला व्हिडिओ त्यानं स्टेटसला ठेवला होता, खाली लिहिलं होतं "दाजींची टेस्ट ड्राइव्ह". तेव्हा मात्र दाजी. 214 जणांनी बघितला. त्यात माझी सासू पण.

असो. ब्रँडचं म्हणाल तर त्यावर आमच्या पारावर एवढी भांडणं झालीत की ग्रामपंचायतीला होत नाहीत. एक महिंद्रावाला गट, एक स्वराजवाला गट, दोघं एकमेकांच्या ट्रॅक्टरला डबडं म्हणतात आणि दोन्ही कंपन्या 2007 पासून एकाच घरात नांदतायत. कुबोटावाले वेगळेच, ते कमी बोलतात, जपानी माल आहे म्हणतात आणि गप्प बसतात, त्याचाच जास्त राग येतो. जॉन डिअरचा 28 एचपीचा अरुंद ट्रॅक्टर एकानं घेतलाय, तो रोज धुतो. मग महिंद्राचा तो ओजा आला. त्याचं लाँचिंग 15 ऑगस्ट 2023 ला झालं, कुठं, तर केपटाऊनला. मी म्हटलं चालवायचा आमच्या सरीत आणि नारळ फोडायला आफ्रिकेत. मग कळलं तिकडं पण द्राक्षंच आहेत. म्हणजे जगात कुठंही जा, द्राक्षवाला कर्जात आणि ट्रॅक्टर समोर. ओजाला पुढं-मागं करायला हाताशी दांडा आहे, प्रत्येक सरीच्या टोकाला गिअरशी कुस्ती नाही, ते मला आवडलं, दिवसाला शंभर वळणं घेणाऱ्या माणसालाच त्याची किंमत कळते. मेव्हण्याला म्हणाल तर त्याचा रंग आवडला.

आणि कम्फर्ट कम्फर्ट म्हणून सगळे सीटच बघतात. सीट शोरूममध्ये चांगलीच असते. बागेत वेलींच्या वाय आकाराच्या खांबांच्या तारा कानाला लागतात, मांडवाखाली तर नमाज पढल्यासारखं वाकून चालवायला लागतं, आणि मागनं ब्लोअरचा फवारा वाऱ्यानं आपल्याच मानेवर. त्यासाठी ब्रोशरमध्ये कॉलम नाही. त्यात "अॅडजस्टेबल सीट" असं लिहिलंय. ती अॅडजस्ट होते, बरोबर दोन बोटं.

सेल्समन मेव्हण्याला जीएसटी समजावत होता. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवर 12 चा 5 टक्के झाला, टायर आणि पार्ट्सवर 18 चा 5, आणि तो असं सांगत होता जसं काय दिल्लीला जाऊन त्यानंच भांडून आणलाय. हप्ता सहामाही. जुना एक्सचेंजला घेतो म्हणाला आणि जी किंमत सांगितली ती मी इथं लिहीत नाही, वडिलांना वाईट वाटेल.

मग मी विचारलं, मला जे विचारायचं होतं ते. माझ्या वस्तीपासून शोरूम 54 किलोमीटर. बंद पडला तर माणूस किती वेळात येणार?

"सर, 24 तास सर्व्हिस आहे." हे पण मेव्हण्यालाच.

आता इथं जरा सांगतो, विनोद राहू दे बाजूला. गेलं वर्ष कसं गेलं ते द्राक्षवाल्याला विचारा. मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, ऊनच नाही, काडीत घडच धरला नाही, अर्ध्या वेली नुसत्या पाल्याच्या. जे काय उरलं होतं त्याची फळछाटणी घेतली आणि ऑक्टोबरात परत पाऊस. संध्याकाळी सातला उघडला. पानं ओली, हवा कोंदट, सकाळपर्यंत डावणीचं, म्हणजे त्या बुरशीच्या रोगाचं, औषध गेलंच पाहिजे, दुसरा इलाज नाही. टाकी भरली, औषध कालवलं, ब्लोअर फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा, म्हणजे पीटीओ टाकला आणि तो फिरेना. शोरूमला फोन. "बघतो." परत फोन. "उद्या सकाळी माणूस निघतोय." उद्या म्हणजे तिसऱ्या दिवशी दुपारी आला, खोलून बघितलं आणि म्हणाला पार्ट पुण्यावरून मागवायला लागेल, चार दिवस. आणि व्हिजिट चार्ज घेतला. शेजाऱ्याकडं ब्लोअर मागावा तर त्याची स्वतःची बाग राहिलेली, तो तरी कुठल्या तोंडानं देणार आणि मी कुठल्या तोंडानं मागणार. मी आणि बायको दोघं पाठीवरच्या पंपानं जेवढं झालं तेवढं मारलं, बॅटरी लावून, पहाटे चारपर्यंत. खालचा अर्धा एकर गेला. घडावर पांढरं आलं आणि आठवड्यात वाळून काळं. तेव्हापासून 24 तास सर्व्हिस हे शब्द ऐकले की माझ्या पोटात कसंतरी होतं. चोवीस तास कुठल्या दिवसाचे, ते कुणी सांगत नाही.

तर हे सगळं त्या पोराला सांगावं असं वाटलं होतं. पण मी ड्रायव्हर. ड्रायव्हरनं कशाला सांगायचं.

आण्णांना मात्र दया आली असावी. उठता उठता त्यांनी शेवटचा प्रश्न टाकला, "लग्न ठरलंय त्या पोराची सासरवाडी कंची?" सेल्समननं मागं वर्कशॉपकडं तोंड करून हाक मारली, एक पोरगा हात पुसत बाहेर आला, चोवीस-पंचवीसचा, लाजत लाजत गावाचं नाव सांगितलं आणि परत आत पळाला. आण्णा काही बोलले नाहीत. माझ्याकडं बघून फक्त भुवई उडवली, पिशवी काखेत मारली, आणि जाता जाता चौथा चहा सांगितला होता तो माझ्यापुढं सरकवला. गार झाला होता. पिलो.

दुसऱ्या दिवशी बायकोनं कोटेशन बघितलं. वर नाव मेव्हण्याचं. ती हसली नाही, म्हणाली दुसऱ्या कंपनीचं पण बघा, तासगावात शोरूम आहे, जवळ पडेल. बरोबर आहे तिचं. तिथं पण जाऊन आलो, इस्त्रीचा शर्ट घालून. चहा मिळाला, बिस्किट पण मिळालं. पण तिथला मिस्त्री एकच, आणि त्याला तीन महिन्यांचं जुळं आहे.

रात्री झोप येईना. उठून मोबाईलवर त्या पोराच्या सासरवाडीचं अंतर टाकलं. आमच्या वस्तीपासून 9 किलोमीटर. गावाचं नाव सांगत नाही, सांगितलं तर अख्खा सावळज पट्टा त्याच शोरूमला जाईल. मग कॅलेंडर काढलं. लग्न मे मध्ये, म्हणजे यंदा त्याचा पहिला दिवाळसण, जावई चार दिवस तरी सासरी. लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबर. आपली फळछाटणी 5 ऑक्टोबरला धरली तर दिवाळीला 34 वा दिवस. बाग बरोबर फुलोऱ्याच्या तोंडावर. डावणीनं सगळं न्यायचं ते त्याच दिवसांत.

बायको जागी झाली, म्हणाली काय मोजताय एवढ्या रात्री? म्हटलं काही नाही, ट्रॅक्टर बघतोय.

आता फक्त एकच प्रश्न राहिलाय, की दिवाळसणाला आलेल्या नव्या जावयाला रात्री अकराला फोन करायचा कसा, आणि सासू-सासरे मटण करून बसलेले असताना आपण त्याला दुसरं काय देणार. आण्णांना विचारलं असतं, पण त्यांचा नंबर घ्यायचा राहिला. परत शोरूमला जावं तर साडेनवाला जायला लागेल, ते तिथं असतीलच, फिल्टर लागो न लागो. मेव्हण्याला मात्र नेणार नाही.