पुढच्या टेबलावर विचारा

आज तालुक्याला दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. माझ्या वर्गातल्या एका मुलीला आणि तिच्या आईला घेऊन गेले होते. वस्तीवरची माणसं आहेत, कागदपत्रं कळत नाहीत, म्हणून मी रजा टाकली. सकाळी सहाची एसटी धरली आणि दुपारी दोनला नंबर लागला. तोवर पोरगी दोन बिस्किटांवर होती.

टेबलामागं मानसशास्त्रज्ञ बसलेले, पुढ्यात फायलींचा ढीग. नाव काय, हा रंग कोणता, ही बोटं किती. मुलगी गर्दीला भिऊन माझ्या पदरात तोंड खुपसून उभी. मग आईला चार प्रश्न. हातानं जेवते का, संडासचं सांगते का, कपडे घालते का, एकटी दुकानात जाते का. आकडा पडला. 75 टक्के. घड्याळ बघितलं नाही मी, पण आमच्या मागच्या माणसानं तळहातावर तंबाखू घेतली होती, ती मळून तोंडात जायच्या आत आमचं उरकलं होतं.

उठता उठता आई म्हणाली, "सायेब, रात्री झोपतच नाही ओ ही. उठून दाराला धडका देती. काय करावं?"

"ते इथं नाही. पुढच्या टेबलावर विचारा."

पुढच्या टेबलावर आधार कार्डाच्या झेरॉक्स जमा करणं चाललं होतं. आणि त्या माउलीनं तिथंही विचारलं. झेरॉक्स घेणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोराला! "भाऊ, रात्री झोपत नाही ओ पोरगी." ते पोरगं बिचारं माझ्याकडं बघायला लागलं. मला तिथंच रडू आलं.

घरी येऊन चार तास झाले, तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहायला बसलेय.

त्या साहेबांचा दोष नाही, मान्य आहे. एका दिवसात एवढी माणसं एकट्यानं तपासायची, तर कोण काय करणार? त्यांचा डबा तीन वाजेपर्यंत टेबलाखाली तसाच होता, तोही बघितला मी. पण मग दोष कुणाचा? त्या आईचा तर नाही ना?

बुद्धिमत्तेची चाचणी म्हणजे काय, हे मला थोडंफार ठाऊक आहे, कारण माझ्या घरात झालीय. बिने-कामत चाचणी म्हणतात तिला. परदेशातली चाचणी जशीच्या तशी आपल्या लेकरांना लावून चालणार नाही, हे ओळखून कामतांनी 1930 च्या दशकात ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतून घेतली. नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाला एवढं कळलं होतं की लेकराला त्याच्या भाषेत, त्याच्या जगातलं विचारावं लागतं. आधी लेकरू रुळू द्यावं लागतं, मग तास-दीड तास बसावं लागतं. आणि आज आपण तंबाखू मळायच्या वेळात आकडा काढतोय. सरकारच्या 2018 च्या सूचनांत पायऱ्या ठरवून दिल्या होत्या. बौद्धिक अपंगत्व सौम्य असेल तर 50 टक्के, मध्यम 75, तीव्र 90, अतितीव्र 100. सीमारेषेवरचं लेकरू असेल तर 25, म्हणजे सवलतींना लागणाऱ्या चाळीसच्या आत, म्हणजे बहुतेक सवलतींना बाद. एका आकड्यावर एसटीचा पास, निराधार योजनेचा पगार, सगळं अवलंबून. आकडा लागतो, नाही म्हणत नाही मी. पण मानसशास्त्रज्ञाचं काम आकड्यापाशी संपतं, हे कुणी ठरवलं? खरं काम तर तिथून पुढं सुरू होतं.

आता बापूचं सांगते. तुमच्यातल्या काहींना माहीत आहे, बऱ्याच जणांना नसेल.

बापू माझा धाकटा भाऊ. बोलणं मोजकं, चार-पाच शब्द. बारा-तेरा वर्षांचा झाला आणि संध्याकाळी भिंतीवर डोकं आपटायला लागला. रोज नाही, पण ज्या दिवशी सुरू व्हायचा त्या दिवशी दोन माणसांना आवरायचा नाही. कपाळाला कायमची गाठ आली होती. अण्णांनी त्याला कुठं कुठं नेलं नाही! अंगारे झाले, दोरे झाले, दर्ग्यावर गुरुवार झाले, संभाजीनगरला (तेव्हाच्या औरंगाबादला) नेऊन झालं. गोळ्यांनी दिवसभर गुंगून पडायचा आणि संध्याकाळी पुन्हा तेच. गल्लीत सगळे म्हणायचे, बाहेरचं आहे. माय म्हणायची, माझ्याच पोटाचं पाप.

तेव्हा आमच्या भागात एका संस्थेचा प्रकल्प चालू होता. गावातच, माणसाच्या दारात जाऊन पुनर्वसनाचं काम करायचं, असा. त्यात एक मानसशास्त्रज्ञ ताई होत्या, लातूरकडच्या. पहिल्या दिवशी आल्या, ओट्यावर बसल्या, चहा घेतला आणि काहीच बोलल्या नाहीत. बापूला प्रश्न नाही, चित्र दाखवणं नाही. मला राग आला होता, ही बाई काय बघायला आलीय?

दुसऱ्या दिवशी वही घेऊन आल्या. पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने केले होते. आधी काय झालं, बापूनं काय केलं, नंतर काय झालं. दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत त्या लिहीत बसल्या. गाय आली. अण्णा आले. लाइट आली. बापू उठला, कानावर हात. गिरणी सुरू झाली. डोकं आपटलं.

असे सहा दिवस. सातव्या दिवशी त्यांनी मायला वही दाखवली. माय निरक्षर, तरी तिला बोटानं रकाना दाखवून समजावून सांगितलं. ज्या दिवशी संध्याकाळी लाइट यायची त्या दिवशी गल्लीतली पिठाची गिरणी चालायची. ज्या दिवशी भारनियमन, त्या दिवशी गिरणी बंद आणि बापू शांत. गिरणीचा पट्टा फिरायला लागला की आमच्या मधल्या खोलीची भिंत थरथरायची. आपण सगळे सवयीनं ते ऐकतच नव्हतो. बापूच्या डोक्यात ते घण घातल्यासारखं होत असणार आणि सांगायला शब्द नव्हता.

दहा-बारा हजार रुपये बाहेरचं काढण्यात गेले होते आमचे. बाहेरचंच होतं. गिरणी होती.

मग ताईंनी त्याला गिरणीसाठी एक खूण शिकवली, दोन्ही कानांवर हात ठेवून मायकडं बघायचं. त्यानं खूण केली की मायनं त्याला लगेच उठवून बाहेर न्यायचं, उशीर करायचा नाही, नाहीतर खुणेवरचा विश्वास उडेल. आणि संध्याकाळचं एक काम त्याला लावून दिलं, अण्णांची चहाची किटली घेऊन शेतात जायचं. पहिले पंधरा दिवस मी सोबत जायचे. मग बांधापर्यंत. मग ओट्यावरून नुसती बघायचे. चार महिन्यांनी कपाळाची जखम वाळली.

औषधं वाईट असतात असं म्हणत नाहीये मी. गरज असते तिथं असते, झटके येणाऱ्या लेकराची गोळी एक दिवससुद्धा चुकवू नये. ते डॉक्टरांचं काम. पण भिंतीपलीकडची गिरणी कुठल्या ओपीडीत दिसणार होती, सांगा ना मला? त्यासाठी कुणीतरी आमच्या ओट्यावरच बसायला पाहिजे होतं.

आणि अजून एक. हे लिहिताना आत्तासुद्धा गळा दाटून येतोय. जायला निघालेल्या ताईंनी एकदा चपला घालता घालता मायला विचारलं, "तुमची झोप होते का हो मावशी?" बस एवढंच. माय उंबऱ्यावर खाली बसली आणि अशी रडली की शेजारच्या बायका धावत आल्या, कुणी गेलं की काय म्हणून. तेरा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. अण्णांनी नाही, मामांनी नाही, आणि खरं सांगते, मीसुद्धा नाही. सगळे बापूचं विचारायचे. ताई त्यानंतर मायसाठी वेगळ्या यायच्या. शेतातल्या कामाच्या वेळा बघून यायच्या. माझ्याशीपण बोलल्या. मला बघायला आलेले दोन पाहुणे बापूला बघून उठून गेले होते, त्याचा राग मी बापूवर काढायचे. ते मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, राग येणारच.

तीन वर्षांनी प्रकल्प संपला. निधी संपला, ताई गेल्या. तेव्हापासून आमच्या भागात दारात येऊन बसणारा एकही मानसशास्त्रज्ञ मी बघितलेला नाही.

आता कुणी म्हणेल, बाई, सोयी वाढल्यात की. हो, वाढल्यात. 2016 च्या कायद्यानं सातच्या जागी 21 प्रकारची अपंगत्वं मान्य केली. त्याच कायद्याच्या कलम 5 मध्ये समाजात, आपल्या माणसांत राहण्याचा हक्क लिहिलाय. मनाच्या त्रासासाठी सरकारच्या टेली-मानसचा 14416 हा फोन चोवीस तास आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, नंबर सेव्ह करून ठेवा, मीही लोकांना देते. पण ज्या लेकराला बोलता येत नाही ते फोनवर काय सांगणार? आणि जिच्या घरात एकच मोबाईल, तोही नवऱ्याच्या खिशात, ती मनातलं कधी बोलणार?

राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. चारही मराठवाड्याच्या बाहेर. आपण आठ जिल्हे, आणि आपलं माणूस कायम गाडीत बसून कुठंतरी जायचं! पण मला आता मोठी इमारत नकोच आहे. मला आठवड्यातून एकदा गावात येणारं माणूस पाहिजे. पुनर्वसन मानसशास्त्रज्ञ अशी वेगळी पात्रता आहे, भारतीय पुनर्वास परिषदेकडं त्यांची नोंद होते. म्हणजे ह्या कामासाठी शिकलेली माणसं आहेत. मग ती गावाला दिसत का नाहीत? गावात आरोग्यसेविका येते, जनावराचा डॉक्टर येतो. म्हशीला ताप आला तर दारात माणूस येतं ओ. माझ्या वर्गातल्या लेकराला तेवढंही नाही?

आणि हे फक्त मतिमंद लेकरांचं आहे असं समजू नका. आमच्या शेजारच्या गावात एकाचा पाय मळणी यंत्रात गेला. शिबिरात त्याला जयपूर फूट मिळाला, फोटो निघाले, टाळ्या झाल्या. दोन वर्षं झाली, तो पाय खुंटीला टांगलाय. का? तर पाय नीट बसतो, त्यावर चालता येतं, टोचत नाही, सगळं बरोबर आहे, पण तो घालून पारावर जायची त्याला लाज वाटते. लोक बघतात म्हणतो. बायकोशी बोलत नाही. पाय बसवणाऱ्याचं काम झालं. माणूस बसवायचं कुणाचं काम होतं? अशा चार माणसांना एकत्र बसवणं, आधी पाय गेलेल्या आणि आता पुन्हा नांगर धरणाऱ्या माणसाशी त्याची गाठ घालून देणं, घरच्यांशी बोलणं, हेच तर ते काम.

आणि आपल्याकडं येणाऱ्याला आपलं कॅलेंडर कळलं पाहिजे. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन अर्धं गाव साखर कारखान्याला, ऊसतोडीला. माझ्या वर्गातल्या ह्या मुलीचे आईबाप पण जातात. मागच्या वर्षी तिला आजीपाशी ठेवून गेले होते. आजीला दिसत नाही नीट. रात्रीची दाराला धडका मारायची सुरुवात त्यानंतरचीच आहे, असं आज परत येताना एसटीत तिची आई बोलता बोलता सहज बोलून गेली. सहज! आई-बाप पहाटे अंधारात टेम्पोत बसून गेले आणि पोरगी उठली तर घरात कुणी नाही. आता ती रात्री दाराशी का जाते, हे मला तरी दिसायला लागलंय. कदाचित चूक असेल माझं, मी शिक्षिका आहे, मानसशास्त्रज्ञ नाही. उगं अर्ध्या माहितीवर काही करायला जाणार नाही. पण टेबलामागच्या माणसाला हे विचारायला अजून दहा मिनिटं मिळाली असती तर? त्याच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता.

राग शांत झालाय थोडा. बापूनं आत्ता चहा आणून दिला. आता तो पस्तिशीचा आहे, माय थकलीय म्हणून माझ्याकडंच असतो. इथं गिरणी नाही, तरी कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून माझ्याकडं बघतो. मी हातातलं टाकून उठते.

तर एक विचारायचं आहे. तुमच्या ओळखीत कुणी असेल, नोंदणी असलेलं, शिकलेलं, तर कृपा करून मला कळवा. दिवाळी व्हायच्या आत, कोयता निघायच्या आत यायला पाहिजे. दोन रविवार दिले तरी चालतील. स्टँडवर घ्यायला मी गाडी पाठवते, भाकरी-पिठलं आमच्या घरी, मुक्कामाची सोय आहे. मुलीच्या आईला मी आजपासून रोज रात्रीचं विचारून वहीत लिहून ठेवणार आहे, किती वाजता उठली, त्याआधी काय झालं, मग काय झालं. रेघा मारून ठेवल्यात.