गर्दीत कोणी मदत करत नाही, हे खोटं आहे

परवा ताईने घरच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज टाकला: 'गर्दीचं मानसशास्त्र, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलेली सत्यं'. म्हणणं असं, की चार माणसं जमली की माणुसकी संपते, गर्दी जितकी जास्त तितकी मदत कमी. तेव्हा वाटेत काही घडलं तर मान खाली घालून निघून जा, थांबलात तर पोलिसांचं लचांड तुमच्याच मागे. खाली ताईने भाचीसाठी लिहिलं होतं, "नीट वाच. गाडीत काही झालं तर मध्ये पडायचं नाही." भाची रोज लोकलने ऐरोलीहून ठाण्याला कॉलेजला येते. हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरतोय, पण घरातल्या पोरीला हे शिकवलं जातंय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

सगळा डोलारा ज्यावर उभा आहे तो मुद्दा पहिला: 'न्यूयॉर्कमध्ये 38 जण खिडकीतून एका तरुणीचा खून अर्धा तास बघत होते, एकानेही काही केलं नाही.' घटना खरी आहे. 13 मार्च 1964, क्वीन्स भागातली किटी जेनोव्हीज. पण 38 जणांची गोष्ट दोन आठवड्यांनी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली, आणि ती तशी नव्हतीच. वेळ पहाटे तीननंतरची, मार्चची थंडी, खिडक्या बंद. वार तीनदा झाले असं बातमीत होतं, झाले दोनदा. पहिल्या वेळी वरून एक शेजारी ओरडला, "त्या मुलीला सोड," आणि मारेकरी पळाला. तो परत आला तेव्हा किटी इमारतीच्या मागच्या दारातून आत गेली होती, बहुतेक खिडक्यांतून दिसणार नाही अशा जागी. कळल्याबरोबर सोफिया फरार नावाची शेजारीण, मारेकरी गेलाय की तिथेच आहे हे माहीत नसताना, जिना उतरून धावली. किटी तिच्या मिठीत होती. ही बाई मेसेजमध्ये नाही, आणि मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. एका शेजाऱ्याला दिसलं आणि त्याने वेळेवर काही केलं नाही, हेही खरं. पण 38 जण बसून बघत होते याला पुरावा नाही, हे 2007 मध्ये तीन मानसशास्त्रज्ञांनी कागदपत्रं तपासून दाखवलं. 2016 मध्ये खुद्द न्यूयॉर्क टाइम्सने आपली बातमी सदोष होती असं लिहिलं.

'गर्दी जास्त, मदत कमी' यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. 1968 मध्ये डार्ली आणि लाताने या मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केला. शेजारच्या खोलीत कोणाला तरी फिट आल्याचा आवाज ऐकवला. आपण एकटेच ऐकतोय असं वाटलेल्यांपैकी 85 टक्के मदतीला उठले, आणखी चौघं ऐकताहेत असं वाटल्यावर 31 टक्के. पण इथे माणसं एकमेकांना दिसत नव्हती. दिसतात तेव्हा काय होतं? अ‍ॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यावरच्या 219 भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण संशोधकांनी बघितलं. दहापैकी नऊ भांडणांत निदान एक बघ्या तरी मध्ये पडला. आणि माणसं जितकी जास्त, तितकी कोणीतरी मदतीला येण्याची शक्यता जास्त. मेसेजच्या नेमकं उलट.

आपल्या ठाणे-नवी मुंबई ट्रान्स-हार्बर लोकललाही हेच दिसतं. लेडीज डब्यात एक बाई चक्कर येऊन खाली बसली होती. दारातल्या बायकांनी "हवा येऊ द्या" म्हणत मागच्यांना रेटलं, चौथ्या सीटवरची उठली, कोणी पर्समधून लिमलेटची गोळी काढली आणि कोपरखैरणेची एकजण तिला धरून घणसोलीलाच उतरली. नात्यागोत्याचं कोणी नव्हतं. रोज तीच गाडी, तोच डबा, तोच दरवाजा, मग "आज उशीर?", मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला तोरण आणि सगळ्यांना पेढे. असेच जमतात ग्रुप. त्याच ग्रुपची दादागिरीही चालते, नव्या बाईला टेकू देत नाहीत, आणि बाकीच्या खिडकीबाहेर बघतात. गटाचा दाब खोटा नाही. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांच्या 1950च्या दशकातल्या प्रयोगांत रेघांची लांबी ओळखायची होती; गटातले बाकीचे मुद्दाम चुकीचं सांगत, आणि बरोबर रेघ समोर स्पष्ट दिसत असूनही सुमारे एक तृतीयांश उत्तरं गटाबरोबर चुकली. पण गटातल्या फक्त एकाने खरं उत्तर दिलं की चुका झपाट्याने उतरल्या. डब्यातही एकीने "अहो, बसू द्या ना त्यांना" म्हटलं की दुसरी बोलते.

मेसेजमध्ये पुढे पाच माकडांचा 'प्रयोग' आहे: केळ्यांसाठी कोणी शिडी चढलं की सगळ्यांवर गार पाणी, मग माकडंच एकमेकांना अडवतात. असा प्रयोग कधी झालाच नाही. जवळ जाणारा प्रयोग 1967चा, स्टीफनसन यांचा: माकडं जोडीने, ना शिडी ना केळी, पाण्याऐवजी हवेचा झोत. एका जोडीत झोत खाल्लेल्या जुन्याने नव्याला मागे ओढलं, तर काहींत नव्याकडे बघून जुन्याचीच भीती मोडली. 'तुम्ही म्हणजे जवळच्या पाच जणांची सरासरी' हे तर भाषणातलं वाक्य आहे, संशोधन नव्हे. पुढे जाऊ.

राहिलं पोलिसांचं लचांड. ही भीती हवेतली नव्हती, जुन्या लोकांनी भोगलंय. पण 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या, आणि 2019च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. रस्ते अपघातातल्या जखमीला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, नाव-पत्ता देण्याची सक्ती करता येत नाही. कायदा रस्ते अपघातापुरता आहे, गाडीतल्या भांडणाला तो लागू नाही. म्हणून भाचीला मी वेगळं लिहिलं: एकटीने चाकूसमोर उभं राहायचं नाही. मोठ्याने ओरडायचं, आणि "कोणीतरी मदत करा" न म्हणता एकीकडे बोट दाखवून सांगायचं, "ओ निळ्या ड्रेसवाल्या ताई, 139 लावा." रेल्वेसाठी 139, रस्त्यावर 112, अ‍ॅम्ब्युलन्सला 108. ताईने अजून उत्तर दिलेलं नाही. भाचीने तिन्ही नंबर सेव्ह केलेत.