तिनं म्हटलं की गोड, आईनं म्हटलं की गावठी

सकाळी सातला सोसायटीच्या ग्रुपवर रील आलं. कोकणातलं कुठलंसं घर, नऊवारीतली गोरी बाई, हातात खराटा, मागे बासरी. खाली ओळ : ‘परदेशी लोकांना कळलं, आपल्याला कधी कळणार?’ दुपारपर्यंत खाली जोडलेल्या हातांची रांग. त्यातल्या निम्म्या घरांत झाडूला कुणी शिवत नाही. कामवाल्या मावशी दोन दिवस आल्या नाहीत की याच ग्रुपवर आकांत असतो. तिथे गप्प बसले. इथे बोलते.

आम्ही वर्ध्याचे. आई आठवड्यातून दोनदा सेवाग्राम आश्रमात जायची, सूत कातायला आणि स्वयंपाकघरात हात लावायला. मी दहावीत असताना तिथे बेल्जियमची एक बाई येऊन राहिली होती. पन्नाशीची, उंच, गुडघ्यांनी अधू. मांडी घालता यायची नाही, पण स्टूल दिलं तर घ्यायची नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून अंबाडी निवडत बसायची. आई विचारायची, “काहून वो ताई, पाय दुखून राहिले काय?” ती म्हणायची, “नाही वो, मी शिकून राहिली.”

मराठी ती आईकडूनच शिकली, म्हणजे अस्सल वऱ्हाडी. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’.

एकदा पुण्याची सहल आली. बाईंना अंगणात पाहून सगळे तिच्याभोवती. तिनं “मले मराठी येते” म्हटलं आणि बायका लाडानं किंचाळल्याच. ‘कित्ती गोड!’ फोटो, पुन्हा फोटो. शेजारी आई बसलेली, तीच अंबाडी, तीच भाषा. तिला कुणीतरी म्हणालं, “तुम्ही जरा सरकता का, फ्रेममध्ये येताय.”

आई सरकली. मला ते अजून सहन होत नाही.

त्या सहलीला बापू कुटी दाखवली असेलच. ती कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली, भिंतीवरची मातीत उठवलेली ताडाची झाडं त्यांच्याच हातची. तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव. १९३६ मध्ये बापू तिथे मुक्कामाला आले, त्याआधी मीराबेन येऊन राहिल्या होत्या. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याची मुलगी. निघण्यापूर्वी वर्षभर स्वतःच्या घरी जमिनीवर झोपायचा, सूत कातायचा, मांसाहार सोडायचा सराव करून १९२५ च्या नोव्हेंबरात साबरमतीला पोचली. तिथे संडास साफ केले. मोठीच बाई, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण तेच काम ज्यांच्या पिढ्यानपिढ्या करत आल्या, त्यांच्या घरचं पाणी आपल्या आज्यांना चालत नव्हतं. त्यांच्यासाठी कुणी हात जोडले?

आणि मीराबेन १९५९ मध्ये परत युरोपात गेल्या, व्हिएन्नाजवळ राहिल्या. जाता आलं त्यांना. बेल्जियमच्या ताईही गेल्या. साधेपणाचा कंटाळा आला तर परतीचं विमान असतं. आईला कुठलं विमान? दोन खोल्या, जमिनीवर अंथरूण आणि भाजी-भाकर हे तिच्या घरात व्रत नव्हतं, महिनाअखेर होती.

बरं, ठीक आहे, निवडून पत्करलेलं कष्टही कष्टच असतं. सुजलेले गुडघे मी डोळ्यांनी पाहिलेत, थंडीत पहाटेच्या प्रार्थनेला भिंत धरून उठणारी ती बाई पाहिली आहे.

आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी आईची बाजू घेतली ती तिनंच. फोटोवाल्या बायकांपुढे तिनं सूप सरकवलं आणि म्हणाली, “बसा वो, निवडून राहिलो आमी.” दोघी बसल्या. बाकीच्यांना एकदम बसची वेळ आठवली.

मी मात्र काहीच बोलले नव्हते. उलट कॉलेजसाठी पुण्यात आले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत ‘राहिली’ टाकून दिलं. मेसमध्ये एकदा “जेवून राहिली” म्हटलं, तर आख्खं टेबल हसलं होतं. पुढे आई पहिल्यांदा या सोसायटीत आली. लिफ्टमध्ये कुणाला तरी तिनं विचारलं, “कोन्त्या मजल्यावर जाऊन राहिले?” आणि मी तिचा हात दाबला. हळूच. तिला कळलं. त्यानंतर लिफ्टमध्ये ती गप्प असते.

म्हणजे सहलीतल्या त्या बायकांवर एवढं चिडायचा मला तरी काय अधिकार? त्यांनी तिला एकदाच सरकवलं.

तरी ग्रुपवरचं ते ‘आपल्याला कधी कळणार’ मला खपणार नाही. कळायला काय, तुमच्या आजीला माहीतच होतं की सगळं. तुम्ही तिला मागच्या खोलीत बसवलंत आणि आता तेच बासरी लावून बघताय. त्या रीलवाल्या बाईशी माझं भांडण नाही. ती मनापासून झाडत असेलही.

मघाशी आईला ते रील पाठवलं. दोन मिनिटांत फोन.

“अवो, पोरगी चांगली आहे. पण हिनं आधी सडा टाकला अन् मंग झाडून राहिली. चिखल नाही होईन काय?”

“होईन ना वो आई.”

“मंग सांग ना तिले कोनी.”