मालगाडी आली म्हणून ट्रक जात नाहीत

बडोद्यातल्या आमच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'मालगाडीचा स्वतंत्र मार्ग झाला, आता ट्रकचा त्रास संपला. वर रोजगारही आला. तरी कुरकुर करणारे विकासाच्या आड येतात.' माझ्या आत्येभावानेही तो पाठवला. त्याला लिहिलेलं उत्तर इथेही टाकते.

दादा, ट्रकचा त्रास संपत नाही. ह्या मार्गाच्या न्यू मकरपुरा (बडोदा) ते न्यू घोलवड टप्प्याचं लोकार्पण 12 मार्च 2024 ला झालं, चांगलंच झालं. लांबचा माल रुळावर गेला की डिझेल वाचतं. पण मालगाडी कारखान्याच्या दारात येत नाही. मालाचा कंटेनर टर्मिनलवर, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या स्टेशनात, उतरतो आणि पुढे ट्रेलरवरूनच जातो. दिल्ली-मुंबई रस्त्यावरचा भार हलका झाला, तरी टर्मिनलभोवतीच्या रस्त्यांवर तो वाढणारच.

सकाळी आपल्या तरसाली चोकडीवर, त्या चौकात, उभा राहून बघ. शिफ्टला निघालेला सायकलवाला, हँडलला डबा, एक पाय जमिनीवर, समोरून ट्रेलर वळतोय. वळताना ट्रेलरची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून येतात. त्या कोपऱ्यात कोण उभं आहे, ते ड्रायव्हरला केबिनमधून नीट दिसत नाही. सायकलवाला अंग चोरून मागे सरकतो, पण मागे गटार. ह्यात चूक ना त्याची, ना ड्रायव्हरची.

आणि कुरकुरीचं म्हणशील, तर पादऱ्याजवळचा गंभीरा पूल आठव. 1985 सालचा, महिसागरवरचा. पूल हलतो अशी तक्रार लोक आधीपासून करत होते. 9 जुलै 2025 ला सकाळी तो तुटला, ट्रकांसकट वाहनं नदीत गेली, किमान 20 माणसं मेली. त्या तक्रारीलाही कुरकुरच म्हणायचं का?

रोजगार येतो, मान्य. पण ट्रकखाली सावलीत स्टोव्ह पेटवून भात शिजवणारा ड्रायव्हरही त्याच रोजगारात मोडतो. त्याला ना संडास, ना अंघोळीची सोय.

दोन्ही जमतं, ठरवलं तर. अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरांसाठी 2002 मध्ये सुमारे 32 किलोमीटरचा मालगाडी मार्ग सुरू झाला, त्यामुळे रस्त्यांवरची 200 च्या आसपास रेल्वे फाटकं गेली. 2008 पासून तिथे जुने, धूर ओकणारे ट्रक बंदरात घेणं टप्प्याटप्प्याने बंद केलं. बंदरं चालूच आहेत.

मला मालगाडी हवीच आहे. तिच्याबरोबर चोकडीवर रुंद वळण, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी ट्रेलरना बंदी आणि ड्रायव्हरांसाठी थांबायचा तळ, हेही त्याच आराखड्यात, त्याच पैशांत हवं.