एसएसडी कपाटात ठेवून निर्धास्त होऊ नका
एका लेखात म्हटलंय की एसएसडीत (म्हणजे फ्लॅश चिपवर डेटा ठेवणाऱ्या ड्राइव्हमध्ये) हलणारे पार्ट नाहीत म्हणून जुने फोटो ठेवायला हार्ड डिस्कपेक्षा तीच बरी. रोजच्या वापरात, पडझडीला ठीक आहे हो, पण बंद करून कपाटात ठेवायची तर गणित वेगळंय. फ्लॅशमध्ये डेटा म्हणजे चिपमधल्या बारीक कप्प्यांत, म्हणजे सेलमध्ये, कोंडलेले इलेक्ट्रॉन, ते हळूहळू गळतात आणि उकाड्यात जास्तच, त्यात टीएलसी नावाच्या फ्लॅशमध्ये एका सेलमध्ये ३ बिट म्हणजे चार्जच्या ८ पातळ्या, क्यूएलसी प्रकारात ४ बिट म्हणजे १६, मग जरा गळती झाली की वाचताना घोळ. चिप उद्योगाची मानकं ठरवणाऱ्या जेडेक संस्थेच्या स्टँडर्डमध्ये साध्या एसएसडीला अट काय, तर कंपनीने सांगितलेल्या मर्यादेइतका (रेटिंगइतका) डेटा लिहून झाल्यावर वीज न देता ३० डिग्रीला १ वर्ष डेटा टिकावा, सर्व्हरवाल्यांना तर ४० डिग्रीला ३ महिनेच! लगेच घाबरू नका, कमी वापरलेली ड्राइव्ह याहून बरीच जास्त टिकते. पण लग्नाचा फोटोग्राफर अल्बमसोबत देतो तो पेनड्राइव्ह, तोही फ्लॅशच, त्यात कुठली चिप घातलीय देव जाणे, तो लॉकरमध्ये टाकून लोक निवांत! आधी हार्ड डिस्कवर दुसरी कॉपी काढा. आणि नुसता यूएसबीला लावला, लाइट लागली म्हणजे चार्ज ताजा झाला असं नसतं, सगळ्या फायली कॉपी करून परत लिहिलेल्या बऱ्या.