बाबांचे लाल कान : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘एचसीए२ हा मेदपेशींवरचा रिसेप्टर (म्हणजे पेशीवरचा, निरोप टिपणारा रेणू). त्याची प्रतिकारशक्तीशी गाठ तुम्ही ओढूनताणून मारली आहे. पुरावे उंदरांचे आणि सूर उपवासाच्या जाहिरातीचा,’ असं तुम्ही एचसीए२ आणि प्रतिकारशक्तीवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. शेवटचा मुद्दा आधी कबूल करतो. ‘उपवासाने प्रतिकारशक्ती वाढते’ हे वाक्य चुकलंच, लेखातून काढलं आहे.

पण ओढूनताणून? तिथे मी मागे हटत नाही. बाबांना कोलेस्टेरॉलसाठी नायसिन, म्हणजे बी३ जीवनसत्त्व, सुरू केलं होतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात कान लालबुंद, मानेपर्यंत आग आग. आई अंगावर टॉर्च मारून काही चावलंय का शोधत होती! नायसिन ज्या रिसेप्टरला, म्हणजे एचसीए२ला, चिकटून मेदपेशीतून चरबी सुटणं रोखतं, तोच त्वचेतल्या लँगरहान्स पेशींवर असतो, आणि या पेशी प्रतिकारयंत्रणेच्या. तिथे प्रोस्टाग्लँडिन हे रसायन तयार होतं, रक्तवाहिन्या रुंदावतात. २००५ साली हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांना धडधाकट उंदरांची अस्थिमज्जा दिली, तर त्यांच्यातही ही लाली उमटली. प्रतिकारपेशी बहुतांशी अस्थिमज्जेतून येतात, मेदपेशींचा इथे काही संबंध नाही. उंदीर हे खरं, पण लाली माणसांनाही येतेच.

अर्थात शरीर काही नायसिनच्या गोळीसाठी हा रिसेप्टर बाळगत नाही. चरबी जळू लागली की यकृत बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट हे कीटोन, म्हणजे चरबीपासूनचं इंधन, बनवतं. ते मेदपेशीला ‘आता पुरे, चरबी सोडू नकोस’ म्हणून सांगतं, आणि तोच निरोप मॅक्रोफेज, न्यूट्रोफिलसारख्या प्रतिकारपेशींनाही पोचतो. आतड्यात जिवाणू चोथ्यापासून ब्युटिरेट बनवतात, तेही याच रिसेप्टरला बसतं. तिथे उंदरांमध्ये दाह शमताना दिसला आहे. त्वचेत लाली आणि आतड्यात शांतता, म्हणून ‘वाढते’ हा शब्द इथे चालतच नाही.

उपवासाचं म्हणाल तर रिसेप्टर नीट जागा व्हायला लिटरमागे पाऊण मिलिमोलच्या आसपास कीटोन लागतं. त्यासाठी साधारण दोन दिवस पोटात काही जाता कामा नये. एकादशीला साबुदाण्याची खिचडी हाणली तर काय होणार? साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च.

आणि एक चूक तुमच्याही नजरेतून सुटली. हेच कीटोन एनएलआरपी३ इन्फ्लमासोमला, म्हणजे पेशीतल्या दाह पेटवणाऱ्या यंत्रणेला, रोखतं, हे २०१५ साली दिसलं खरं, पण तो मार्ग या रिसेप्टरमधून जात नाही. मी लेखात दोन्ही एकाच परिच्छेदात कालवून टाकलंय. तो परिच्छेद आज रात्री पुन्हा लिहितो.