गेंडासाचं शिंग कुठे बसवायचं?

परवा एका प्रकाशनाच्या संपादकांचा फोन आला. (नाव घेत नाही, माणूस सज्जन आहे.) बंगाली कवी सुकुमार राय यांच्या चार-पाच कवितांचे मी केलेले मराठी अनुवाद त्यांना पाठवले होते, सोबत कवीनेच काढलेली मूळ चित्रं. ते म्हणाले, "कविता मजेशीर आहेत, पण मुलांनी यातून घ्यायचं काय? आणि चित्रं जुनाट वाटतात हो. आपल्या आर्टिस्टकडून नवीन रंगीत करून घेऊ की."

पहिला प्रश्न मला नवा नाही. आपल्याकडे मुलांच्या पुस्तकाला तात्पर्याची शेपटी लागतेच. पण चित्रांबद्दलचं ऐकलं आणि काय बोलावं ते सुचेना. 'कळवते' म्हणून फोन ठेवला. ते 'कळवते' म्हणजे ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्याला सत्यजित राय माहीत असतात. त्यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आला, आपल्या पोरांनी वाचला. सुकुमार हे त्यांचे वडील, अशी आपली ओळख. बंगालात मात्र सुकुमारना कुणाचे वडील म्हणून ओळखायची गरज पडत नाही. मी तीन वर्षं कोलकात्यात नोकरीला होते. आमच्या घरमालकीणबाई, मी त्यांना माशीमा म्हणायचे, मासे तळता तळता अख्ख्या कविता म्हणायच्या आणि मध्येच उलथनं हवेत धरून विचारायच्या, "पुढे काय?" बांगला अक्षरं मी गिरवली ती सुकुमारच्या 'आबोल ताबोल' या कवितासंग्रहावर. नावाचा अर्थच मुळी 'काहीतरीच बडबड'.

या माणसाचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ चा. वडील उपेंद्रकिशोर लेखक, चित्रकार, व्हायोलिन वाजवणारे. मुलांच्या पुस्तकातली आपली चित्रं लाकडी ठशांवरून वाईट छापली गेली म्हणून त्यांनी परदेशातून सामान मागवलं, हाफटोन ब्लॉकचं, म्हणजे बारीक ठिपक्यांतून चित्र छापायचं तंत्र स्वतः शिकून घेतलं आणि त्यात इतके पुढे गेले की त्यांचे लेख इंग्लंडच्या 'पेनरोज' या छपाईविषयक वार्षिकात छापून येत. रागावलं तर असं रागवावं! सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजातून फिजिक्स-केमिस्ट्री घेऊन बाहेर पडले, १९११ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेले आणि लंडन-मँचेस्टरमध्ये छपाईचंच तंत्र शिकले. १९१३ मध्ये परत आले. त्याच वर्षी वडिलांनी 'संदेश' हे मुलांचं मासिक सुरू केलं होतं. बंगालीत संदेश म्हणजे निरोपही आणि मिठाईही. १९१५ मध्ये वडील गेले आणि मासिक सुकुमारच्या अंगावर पडलं. कविता त्यांची, चित्र त्यांचं, ब्लॉक घरच्या छापखान्यातला.

आता माझं म्हणणं. त्यांची 'खिचुडी' नावाची कविता आहे. तिच्या पहिल्या दोनच ओळींत हाँस म्हणजे बदक आणि सजारू म्हणजे साळिंदर यांचा 'हाँसजारू' होतो. कसा झाला? कवी कंसात सांगतो की व्याकरण मी मानत नाही, आणि पुढे हात वर करतो, कसं झालं ते ठाऊक नाही. मग बक आणि कच्छप यांचा 'बकच्छप'. हाती आणि तिमी, म्हणजे हत्ती आणि देवमासा, यांचा 'हातिमी'. त्या बिचाऱ्यातला देवमासा म्हणतो पाण्यात जाऊ, हत्ती म्हणतो जंगलात चल. पोपटाच्या तोंडाच्या सरड्याला चिंता पडलीय, किडे सोडून आता हिरव्या मिरच्या खायच्या की काय.

नीट बघा, व्याकरण मानत नाही म्हणतो आणि सांधा मात्र किती काटेकोर बसवतो! हाँसचा स आणि सजारूचा स एकच. बकचा क, कच्छपचा क. हातीची ति, तिमीची ति. एक अक्षर दोघांत वाटून घेतलेलं आहे, सुताराने खाचेत खाच बसवावी तसं.

आणि शब्दात 'ठाऊक नाही' म्हणून सुटता येतं, चित्रात नाही सुटता येत. काटे पाठीवर कुठे सुरू होतात, चोच कुठे संपते, हे चित्रकाराला ठरवावंच लागतं. कवी सुकुमार खांदे उडवून मोकळे होतात आणि तिथून चित्रकार सुकुमार काम हातात घेतात, प्राणिशास्त्राच्या पुस्तकात शोभेल इतक्या गंभीर चेहऱ्याने. हाँसजारू तुमच्याकडे बघून डोळा मारत नाही. 'हसा मुलांनो' असं कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून तर हसू येतं. नवा आर्टिस्ट त्याला गोल डोळे, गुलाबी गाल आणि हसरी चोच देणार, मला माहीत आहे. मग उरेल काय?

हा गंभीरपणा प्रयोगशाळेतला आहे असं मला वाटतं. 'खुडोर कल' या कवितेतल्या काकांचं यंत्र घ्या. खांद्यावर अडकवायचं आणि नाकासमोर खाऊ टांगायचा, की माणूस त्या ओढीने मैलोन् मैल चालतो. ज्याची जशी आवड तसा खाऊ! यंत्रं हाताळलेल्या माणसालाच हे सुचतं. हेशोराम हुशियार नावाच्या शिकारी-संशोधकाची त्यांनी लिहिलेली डायरी तर वाचाच. त्यात तो भेटेल त्या जनावराला लॅटिन थाटाचं नाव देत सुटतो. तोंड फुगवून बसलेलं जनावर दिसलं, झालं 'गोमडाथेरियम'!

बंगालचे एडवर्ड लिअर (अशाच 'काहीतरीच' कविता लिहिणारा इंग्रज कवी) वगैरे म्हणतात त्यांना, मला ते आवडत नाही. लिअरच्या कवितेत डोक्यावर साहेब बसलेला नव्हता. सुकुमारच्या 'एकुशे आइन'मध्ये असा देश आहे जिथे पाय घसरून पडलात तर शिपाई पकडतो आणि एकवीस रुपये दंड होतो, संध्याकाळी सहाच्या आत शिंकायला तिकीट लागतं, आणि कविता लिहिणाऱ्याला पिंजऱ्यात घालून वाण्याच्या खातेवहीची एकवीस पानं हिशेबाला बसवतात. मुलांच्या मासिकात, इंग्रजांच्या राज्यात. मुलं हसली, मोठ्यांनी काय समजायचं ते समजलं असणार.

१९२१ मध्ये सत्यजित जन्मले आणि त्याच वर्षी सुकुमारना काळा आजार झाला. त्याच शहरात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी त्याच रोगावरच्या औषधावर, युरिया स्टिबामाइनवर काम करत होते. हे वाचलं की पोटात तुटतं. अंथरुणावरून काम चालूच होतं. 'आबोल ताबोल'चं मुखपृष्ठ, कुठल्या पानावर काय आणि चित्र किती मोठं, सगळं त्यांनी पडल्या पडल्या लावलं. रवींद्रनाथ येऊन गाणी म्हणून गेले. १० सप्टेंबर १९२३ ला सुकुमार वारले, वय पस्तीस. पुस्तक बाहेर आलं १९ सप्टेंबरला. त्यांच्या 'ह-य-ब-र-ल'मध्ये एक म्हातारा सांगतो, आमच्याकडे चाळिशी झाली की वय उलटं फिरवतात. ते पान मी पटकन उलटते.

तर संपादकसाहेब, मरता मरता माणसाने ज्या पानांची मांडणी लावली त्यातली निम्मी बाजू काढून टाकायची आणि वर कवीचं नाव छापायचं, हे मला जमणार नाही. अनुवाद नाही छापला तरी चालेल.

अनुवादाचंही खरं सांगते, हाँसजारूला मराठी सापडत नाहीये. बदकाचं शेवटचं अक्षर साळिंदराच्या पहिल्याशी जुळत नाही, उलटं लावलं तरी नाही. भाचीला हा खेळ समजावला, वय वर्षं आठ. मी फुशारकीने 'मगरुड' काढला, मगर अधिक गरुड. तिने दोन मिनिटांत 'पोपटिटवी' दिली आणि मग गेंडा अधिक डास, 'गेंडास'!

कागद-पेन्सिल घेऊन बसली. पाच मिनिटांनी डोकं खाजवत आली, "मावशी, याला शिंग द्यायचं की सोंड? दोन्ही दिली तर चावणार कशाने?"

अजून ठरलेलं नाही. पंखांचाही वाद चालू आहे, कारण तिच्या मते एवढ्या वजनाला दोन पुरणार नाहीत.